मंगलाबाईंच्या बांगड्या

१

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या शेजारी चोरी झाली. चोरीला काय गेलं, तर बांगड्यांचा आवाज. बांगड्या नव्हेत, नुसता आवाज. तुम्हाला हसू येईल, मलाही आलं होतं. पण त्या आवाजापायी एका पोरीचा संसार मोडायची पाळी आली, तेव्हा ते हसू मी मुकाट्यानं गिळलं.

साल एकाहत्तर. राजेंद्र नगर तेव्हा नवीन होतं, घरं थोडी आणि मोकळं आभाळ फार. दुपारी कुणाकडे कढीला फोडणी पडली तरी गल्लीभर वास जायचा. आमच्या भिंतीला लागून जयसिंगराव राहायचे. सगळी गल्ली त्यांना आबासाहेब म्हणायची. वडील संस्थानच्या फौजेत, हे स्वतः संस्थानच्या कचेरीत, आणि पुढे मध्य प्रदेश झाल्यावर सरकारच्या. संस्थान विलीन झालं, पण आबासाहेबांच्या मानेतला ताठा काही विलीन झाला नाही.

त्यांची बायको मंगलाबाई गायची. मैफलीत नव्हे, घरातल्या घरात, तंबोरा लावून. स्वतः रचलेली एक ओवी तिनं जाण्याआधी टेपवर म्हणून ठेवली होती. गाताना मांडीवर हातानं ताल धरायची, आणि सम आली की हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. तेसुद्धा टेपवर आलं होतं. ती गेल्यापासून आबासाहेब रोज दिवेलागणीला ती टेप लावायचे आणि डोळे मिटून बसायचे. ओवी त्यांना पाठच होती. ते बसायचे ते त्या बांगड्यांसाठी.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही त्यांच्या बैठकीत जमलो होतो. बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता, दारावरच्या झेंडूचा वास घरभर होता. आबासाहेबांनी आधी अँप्लिफायरचं गोल बटण फिरवून आवाज बेताचा केला, मग भिंतीवरचा खटका दाबला. मंगलाबाई गाऊ लागली. खरं सांगते, त्या सुरात बसलं की आपण कुठल्या वर्षात आहोत हेच कळेनासं व्हायचं. पहिली सम आली नि गेली. दुसरी आली नि गेली. आबासाहेबांनी डोळे उघडले.

"ही माझी टेप नाही," ते म्हणाले.

२

आता आम्हीही कान देऊन ऐकलं. ओवी तीच, आवाज तोच. बांगड्या मात्र नव्हत्या. तंबोऱ्याची ती बारीक झणझणसुद्धा नव्हती. जशी काही मंगलाबाई रजई पांघरून गात होती.

आबासाहेबांनी सुनेकडे पाहिलं. लक्ष्मी जवळच्या हातोद गावची. लग्नाला दोन वर्षं झालेली, बोलणं कमी, काम चोख. श्रावणात तिनं एकदा विचारलं होतं, "आबासाहेब, माझ्या भावाकडे टेपरेकॉर्डर आहे. या टेपची कॉपी करून आणू का?" त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. पण नवरात्राआधी ती माहेरी जाऊन आली होती, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात तिचा नवरा संताजी बोलला, आणि नेमकं नको ते बोलला. "कॉपी केली की बारीक आवाज उडतात, आबा." बायकोवर आळ घ्यायचा त्याचा इरादा नव्हता हो. आपल्याला काहीतरी कळतं हे दाखवायची त्याला खोड, बस. अक्कल गहाण ठेवून हुशारी मिरवणारी माणसं असतात ना, त्यातला.

"म्हणजे खरी टेप हातोदला, आणि कॉपी इथे," आबासाहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. त्या घरात एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सूनबाई, उद्या तुमच्या वडिलांना बोलावून घेतो. त्यांच्याबरोबर जा. टेप आणल्याशिवाय या घरात पाऊल ठेवू नका."

"मी नाही नेली, आबासाहेब," लक्ष्मी म्हणाली. तिच्या हातात आपट्याची पानं होती, ती तशीच राहिली.

मी घरी आले ती तणतणतच. आमच्याकडे माझी नणंद इंदुमती राहायची. मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. बाई हुशार, पण स्वप्नात वावरणारी. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी जायची वाट बघत थांबली, तर गाडी गेल्यावरही तिथेच उभी. तिला मी सगळं सांगितलं. ती झोपाळ्यावर डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोपली.

"वन्सं, ऐकताय का?"

"ऐकतेय, वहिनी. टेप चोरायची तर चोरानं गाणं ठेवून नुसत्या बांगड्या का न्याव्या? सकाळी जाऊया आपण."

३

सकाळी गेलो तेव्हा बैठकीत ऊन आलं होतं आणि खंडेनवमीची पूजा अजून उचललेली नव्हती. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. फौजेतलं घराणं, त्यामुळे त्यांच्याकडे तलवार, कट्यार पुजतात. त्यांच्या शेजारी मंगलाबाईंचा तंबोरा. यंदा त्या रांगेत नवा अँप्लिफायर बसला होता, कारण अष्टमीलाच संताजीनं तो शामच्या रेडिओच्या दुकानातून आणला होता. पुढच्या पत्र्यावर सोनेरी अक्षरात १०० वॅट. स्पीकरचा खोका मात्र जुना, महूच्या छावणीतला कुणी साहेब बदली होऊन जाताना विकून गेलेला. त्याच्या मागे ३० वॅट लिहिलं होतं. अँप्लिफायरवर, गोल बटणावर आणि टेपवर लक्ष्मीनं वाहिलेलं हळदकुंकू तसंच होतं. पूजेचं कुंकू त्या घरात पुसत नसत.

इंदूवन्संनी आबासाहेबांना विचारलं, "बांगड्या शेवटच्या कधी ऐकल्यात?"

"अष्टमीच्या संध्याकाळी. याच नव्या यंत्रावर, हळू लावून. अगदी लख्ख."

"मग?"

"मग नवमीच्या सकाळी, पूजेआधी, सगळ्या गल्लीसाठी लावली. खिडकी उघडून." म्हातारा जरा खुलला. "आमच्या लहानपणी दसऱ्याला संस्थानच्या तोफा व्हायच्या, बाई. सगळ्या शहराला कळायचं की या घराण्याचा दसरा आहे. मी म्हटलं, शंभर वॅट आहेत, बघू तर खरं. मी स्वतः चालत पार रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो. शब्द न शब्द ऐकू येत होता."

"परत आलात तेव्हा टेप चालू होती?"

"नाही. सूनबाईंना सांगून गेलो होतो, ओवी संपली की भिंतीवरचा खटका बंद करा. यंत्राला हात लावायचा नाही, हे त्यांना पहिल्यापासून सांगितलंय. त्यांनी खटका बंद केला, पूजा मांडली. पुजलेल्या वस्तूला आम्ही दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत शिवत नाही. टेपवरच्या अक्षता मी काल स्वतःच्या हातानं काढल्या." ते थांबले. "म्हणजे जे झालं ते पूजेआधी. तेव्हा घरात सूनबाई एकट्याच होत्या."

मला राहवेना. "एकटी कसली? ओवी चालली होती तेव्हा ती आमच्या कुंपणाशी होती, झेंडू न्यायला आलेली. संपत आली तशी पळाली, खटका बंद करायचाय म्हणून. मी तिला म्हटलंसुद्धा, आज मंगलाबाईंचा आवाज बसल्यासारखा का येतोय गं. पण टेपला कधी सर्दी होते का, म्हणून सोडून दिलं."

इंदूवन्संनी डोळे पूर्ण उघडले. हे फार क्वचित व्हायचं.

"वहिनी, हे काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

लक्ष्मी स्वयंपाकघरात होती. तिची ट्रंक भरून बाहेरच्या दारात ठेवलेली. पोरीचे डोळे सुजले होते, पण चुलीवर वरण होतं आणि त्यात मीठ बरोबर होतं, मी चाखून पाहिलं. वन्संनी विचारलं, "तुला कॉपी कशाला हवी होती गं?"

"सासूबाईंना मी पाहिलं नाही, ताई. आबासाहेब टेप लावतात तेव्हा मी इथे दाराआड उभी राहून ऐकते. ओवी येते आता. पण काही जागा नीट येत नाहीत." तिनं पदर सारखा केला. "उद्या घरात कुणी लहान आलं, तर त्याला म्हणून दाखवायला यावी, म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून कुणाला सांगितलं नाही, काकू." अशा अवस्थेत पोरीला चोर ठरवून माहेरी धाडायला निघाली होती ही मंडळी, आणि तिथून ती परत यायची कधी?

"त्या गोल बटणावर कुंकू कसं लावलंस?" वन्संनी मध्येच विचारलं.

"बोट वरून खाली ओढलं. पत्र्यावरून बटणावर, एकच रेघ. बटण फिरवलं नाही हं. शिवायचं नाही ना."

४

वन्संनी टेप लावली आणि आबासाहेबांच्या देखत जमिनीवर बसून स्पीकरच्या खोक्याला कान लावला. खोक्याच्या जाळीमागे दोन स्पीकर होते, खाली मोठा, वर वाटीएवढा छोटा. मोठ्यापाशी बराच वेळ ऐकलं. छोट्यापाशी त्याहून जास्त वेळ. मंगलाबाई गात होती, उन्हात धुळीचे कण तरंगत होते, आणि ही बाई डोळे मिटून खोक्याला टेकलेली. क्षणभर वाटलं, आता उठणारच नाही.

"आबासाहेब, इथे कान लावा," ती शेवटी म्हणाली. "छोट्यापाशी."

ते वाकले. सत्तरीला टेकलेला माणूस गुडघ्यावर आला.

"काहीच नाही येत," ते म्हणाले.

"माणसाचा गळा मोठ्यातून येतो. बांगड्या, तंबोऱ्याची झणझण, असलं बारीकसारीक छोट्यातून. तो छोटा मेलाय. टेप तुमचीच आहे. बांगड्या तिच्यावर जिथल्या तिथे आहेत, बाहेर यायचं दार तेवढं बंद झालंय."

लक्ष्मी दारात उभी होती. तिनं चौकटीला हात टेकला. मला वाटलं, सुटलो बाई. पण आबासाहेब उठले ते कपाळाला आठी घालूनच.

"मग तो मारला कोणी?"

त्याच वेळी अंगणाचं दार वाजलं. लक्ष्मीचे वडील हातोदहून आले होते. ओसरीवर टेकले, कुणी काही सांगेना म्हणून ट्रंकेकडे बघत बसले.

५

संताजीला पुन्हा कळायला लागलं. "सरळ आहे ना, ताई. तीस वॅटच्या स्पीकरला शंभर वॅटचा अँप्लिफायर. झेपला नाही, जळला. शामनं सांगायला नको?"

शामला बोलावणं गेलं. तो सायकलवरून आला, हवालदिल. "संताजी भिया, मैंने तो साफ सांगितलं होतं ना, वो शंभर पीक आहे."

"पीक म्हणजे?" आबासाहेबांनी विचारलं.

शाम डोकं खाजवायला लागला. "देखिए आबासाहेब, ढोलकीवर एक जोरदार थाप पडते ना, तेवढ्या क्षणापुरते शंभर. सतत द्यायचे म्हटले तर पंधरा वॅट. पंधरा पण पुष्कळ झाले, घरासाठी."

"मग पुढे शंभर कशाला लिहिलंय?"

"पंधरा लिहिलं तर लेगा कौन? कंपनीवाले शंभर छापतात, गिऱ्हाईक शंभर मागतं. अपन काय करणार."

वन्संनी अँप्लिफायर वळवला. मागच्या बाजूला, तारेजवळ, छोटा पत्रा होता. त्यावर अँप्लिफायर विजेच्या तारेतून किती घेतो ते लिहिलं होतं. चाळीस वॅट.

"संताजी, भिंतीतून चाळीस घेणारा शंभर कुठून देईल रे? काही तर गरम होण्यातच जातात. घ्यायच्या आधी पुढचं सोनेरी सगळे वाचतात. मागचं वाचायचं, आणि दुकानदाराला एकच विचारायचं, सतत किती देतो."

संताजी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "पण ताई, मग तर उलटंच झालं. पंधरा वॅटनं तीस वॅटचा स्पीकर जळेल कसा?"

"हाच खरा प्रश्न आहे," वन्सं म्हणाल्या. "शंभर गेले असते तर मोठाही जळाला असता. मोठा धडधाकट आहे, फक्त नाजूक मेला. ज्याचा दम पंधराचा आहे त्याच्याकडून जास्त मागितलं की त्याचा आवाज फाटतो. गाण्यातला उंच भाग त्याला उचलवत नाही, तो तिथे कापला जातो, आणि त्या कापलेपणाची खरखर सगळी जाते छोट्या स्पीकरकडे. बांगड्या किणकिणायला त्याला चिमूटभर शक्ती पुरते. ही खरखर ओंजळीनं आली. ओवी पुरी होईपर्यंत त्यातली तार जळाली. वहिनींना आवाज बसल्यासारखा वाटला तो तेव्हाच."

"म्हणजे बटण कुणीतरी टोकाला नेलं होतं," शाम म्हणाला.

"मी पाचावर ठेवलं होतं," आबासाहेब म्हणाले.

सगळ्यांची नजर हळूहळू दाराकडे गेली, लक्ष्मीकडे.

६

"लक्ष्मीनं बटणाला हात लावला की नाही, ते तिच्या कुंकवालाच विचारूया," वन्सं म्हणाल्या.

आम्ही सगळे वाकलो. पत्र्यावर बटणाच्या वरच्या अंगाला कुंकवाची अर्धी रेघ होती. तिची उरलेली अर्धी बटणावर होती, पण भलत्याच जागी, बाजूला वळलेली.

"तिनं एकच सरळ रेघ ओढली होती. पूजेनंतर यंत्राला कुणी शिवलं नाही. काल संध्याकाळी आबासाहेब, तुम्ही खटका दाबायच्या आधी बटण फिरवून आवाज कमी केलात, वहिनींनी आणि सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा रेघ तुटली. आता ती पुन्हा जुळवते."

तिनं दोन बोटांनी बटण हळूहळू फिरवलं. चार. सहा. आठ. कुंकवाचे दोन तुकडे एकमेकांजवळ येत गेले. रेघ सरळ झाली तेव्हा बटण टक्कन अडलं. त्यापुढे ते जातच नव्हतं. दहा.

"पूजेच्या वेळी बटण दहावर होतं," वन्सं म्हणाल्या. "आणि ओवी चालली होती तेव्हा लक्ष्मी कुंपणाशी फुलं घेत होती. ओवी संपल्यावर बटण फिरवून काही जळत नाही, तेव्हा खटकाच बंद. पाचावर फाटकापर्यंत शब्द न शब्द जातो का, ते आत्ता बघता येईल. शाम फाटकापाशी उभा राहील."

"नको," आबासाहेब म्हणाले.

ते खुर्चीत बसले. तलवारीकडे पाहत होते. बाहेर कुठलीतरी मालगाडी चालली होती, लांबच लांब.

"पाचावरच होतं आधी," ते म्हणाले. "मग वाटलं, फाटकापर्यंत जावं. तिला शेवटचं त्याच रस्त्यानं नेलं होतं ना. माझी ती गेली तिथपर्यंत तिचा आवाज जावा. शंभर वॅट म्हटले होते, मी शंभराच्या भरवशावर दहावर नेलं आणि चालत सुटलो. फाटकापाशी नुसता गळा ऐकू येत होता. बांगड्या एवढ्या लांब येत नसतील, असं समजलो. आणि मी इकडे तिच्या आवाजामागे चालत होतो तेव्हा घरात त्या जळत होत्या."

"विसरला होतात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ मेली अशीच.

"नाही, भानुमतीबाई. बोलवत नव्हतं. अंगाशी येतंय कळलं, आणि मी सुनेच्या आड लपलो." त्यांनी मान वर केली. तिच्यात ताठा नव्हता. "यंत्राला काय बोल लावायचा? दम नसताना ओरडलं की नाजूक असतं ते जळतं. काल याच बैठकीत मीही तेच केलं."

७

शामनं दुपारी नवा छोटा स्पीकर आणला आणि खोका उघडून जोडला. जुन्यातली तार काळी पडली होती, केसाएवढी. ती आबासाहेबांनी तळहातावर घेऊन पाहिली आणि कुठे ठेवावी ते न कळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

लक्ष्मीचे वडील ओसरीवरून आत आले होते, टोपी हातात घेऊन. हातोदच्या बसची वेळ होत आली होती. ट्रंक दारातच होती.

"सूनबाई," आबासाहेबांनी हाक मारली.

लक्ष्मी ओले हात पदराला पुसत आली.

"बटण तुम्ही लावा."

तिला कळेना. वन्संनी तिला मानेनं खुणावलं. तिनं हात पुढे केला, आणि तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. बटण दहावर अडलं होतं, ते तिनं हळूच मागे घेतलं, पार तिनापर्यंत. आबासाहेबांनी खटका दाबला. मंगलाबाई गाऊ लागली. तंबोऱ्याची झणझण आली, अगदी कानाशी. बैठकीतलं ऊन, झेंडूचा वास, सगळं क्षणभर जागच्या जागी थांबल्यासारखं झालं.

सम आली. बांगड्या किणकिणल्या.

आबासाहेबांनी डोळे उघडून लक्ष्मीच्या हाताकडे पाहिलं. तो हात स्थिर होता.

"या तुमच्या नव्हेत ना, सूनबाई?"

"नाही, आबासाहेब," ती म्हणाली. ती रडत होती. "सासूबाईंच्या."

ओवी संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग उठले, दारापर्यंत गेले, ट्रंक स्वतः उचलली. या वयात जड होती त्यांना, संताजी पुढे झाला, तर त्याला हातानंच थांबवलं. ट्रंक आतल्या खोलीत ठेवून ते परत आले आणि व्याह्यांसमोर हात जोडून उभे राहिले.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "मुलगी इथेच राहील. तुम्ही जेवून निघा. आणि जाताना टेप घेऊन जा, तुमच्या मुलाला म्हणावं, सूनबाईंसाठी नीट कॉपी करून दे."